पात्राला पत्ता हवा

(नवोदितांच्या कथालेखन शिबिरात केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



मला दिलेला विषय आहे ‘लघुकथेतील पात्रं आणि स्थळ’. शाळेत हा प्रश्न आपण चार गुणांसाठी सोडवलेला असतो. कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, भाषाशैली अशी चार खणांची पेटी. प्रत्येक खणात दोन दोन वाक्यं टाकली की झालं. परीक्षेपुरतं ठीक आहे. पण त्यातून एक चुकीची समजूत डोक्यात बसते. वातावरण म्हणजे नाटकातला मागचा पडदा, असं वाटायला लागतं. पडदा बदलला तरी नाटक तेच राहतं, नाही का? कथेत तसं होत नाही. माणूस कुठं उभा आहे, त्या जागी त्याला काय परवडतं, काय बोलता येतं आणि काय गिळावं लागतं, यावरच त्याच्या कृतीचा अर्थ ठरतो.

तुम्ही शिबिरासाठी पाठवलेल्या कथा मी वाचल्या. सगळ्या वाचल्या, काही दोनदा. त्यांच्याबद्दल मोकळेपणानं बोलतो, कारण कौतुक ऐकायला तुम्ही सुट्टीचा दिवस घालवलेला नाही.

बहुतेक कथा ‘मोहल्ल्यात’ घडतात. कुठल्या गावचा मोहल्ला, ते कळत नाही. पहिल्या परिच्छेदात अजान होते, दुसऱ्यात अत्तराचा वास येतो, तिसऱ्यात बिर्याणी शिजते. मग अब्बा येतात. अब्बांची दाढी पांढरी आहे, डोक्यावर टोपी आहे आणि ते ‘बेटा’ म्हणतात. अब्बा पोटासाठी काय करतात? मी शोधत राहिलो. घर स्वतःचं की भाड्याचं? दुकान असेल तर कशाचं, उधारी किती? काही नाही. या अब्बांना उचलून औरंगाबादेत ठेवा, मुंब्र्यात ठेवा, चिपळूणला ठेवा, काही फरक पडत नाही. ज्याला कुठंही ठेवता येतं तो माणूस नसतो, तो नमुना असतो.

आणि नमुना कोण बनवतं, ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. वर्तमानपत्रातला मुसलमान, सिनेमातला मुसलमान, फॉरवर्ड केलेल्या मेसेजमधला मुसलमान, सगळे बिनपत्त्याचे. तिकडं तो भीती वाटावी म्हणून बनवलेला असतो, आपल्या कथेत प्रेम वाटावं म्हणून. साचा मात्र एकच. मला याची काळजी वाटते. बाहेरच्यांनी आपल्याला ढोबळ रेषांत काढलं म्हणून आपण चिडतो, आणि लिहायला बसलो की आपल्याच आईवडिलांना त्याच रेषांत काढतो.

आता एक कथा घेऊ. प्रेमचंदांची ‘ईदगाह’. १९३३ची. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी ती हिंदीच्या पुस्तकात वाचली असेल, आणि ‘हामिद किती गुणी मुलगा आहे’ असं उत्तर लिहिलं असेल. ईदच्या जत्रेत बाकीची मुलं खेळणी आणि मिठाई घेतात, हामिद आजीसाठी चिमटा घेतो, कारण भाकरी काढताना तिची बोटं तव्यावर भाजतात. तात्पर्य, आजीवर प्रेम करा. शाळेनं या कथेचं असं सुविचारात रूपांतर करून टाकलं आहे. ते बाजूला ठेवून ती हिशेबाच्या वहीसारखी वाचा.

अमीनाच्या घरात ईदच्या सकाळी दाणा नाही. कपडे शिवून तिला आठ आणे मिळाले होते. ते तिनं ईदसाठी जपून ठेवले होते. पण गवळण पैशांसाठी दारात बसली. नातवाला दोन पैशांचं दूध तरी लागतंच, मग काय करणार? शेवटी उरले दोन आणे, म्हणजे आठ पैसे. तीन हामिदच्या खिशात, पाच अमीनाच्या बटव्यात. त्या पाच पैशांत सण करायचा आहे, आणि धोबीण, न्हावीण, झाडूवाली, बांगडीवाली, सगळ्या शेवयांसाठी दारात येणार आहेत. त्यांना परत कसं पाठवायचं? बघा, एका परिच्छेदात लेखकानं गावाचा सगळा व्यवहार सांगून टाकला. अजानचा आवाज नाही, अत्तराचा वास नाही. गरीब मुसलमान बाईचं घर बटव्यातल्या नाण्यांवरून दिसतं.

मोहसिनकडं पंधरा पैसे आहेत, महमूदकडं बारा. हामिदकडं तीन. पायात जोडे नाहीत. हे आकडे तिथं सजावटीसाठी नाहीत. पुढं जत्रेत पाळण्याचा भाव एक पैसा आहे, खेळणं दोन पैशांचं आहे. हामिद पाळण्याकडं बघतो तेव्हा आपणही मनात वजाबाकी करतो. थोड्या गिरक्यांसाठी एकूण संपत्तीचा एक तृतीयांश भाग द्यायचा का? पाच वर्षांचंही पूर्ण नसेल असं पोर हा विचार करतंय. चिमटेवाला आधी सहा पैसे सांगतो, मग पाचावर येतो, आणि हामिद काळीज घट्ट करून तीन म्हणतो. त्या क्षणाला जो ताण आहे तो तुम्ही खुनाच्या कथेत आणून दाखवा.

पण मला खरं म्हणजे जागेबद्दल बोलायचं आहे. कथेचं नाव ‘हामिद’ नाही, ‘चिमटा’ही नाही. नाव आहे ‘ईदगाह’. का बरं? गावातून ईदगाह तीन कोस. मुलं चालत निघतात. वाटेत श्रीमंतांच्या बागा लागतात, कोर्ट लागतं, कॉलेज, क्लब, मिठाईची दुकानं, पोलीस लाइन लागते. पोरं प्रत्येक इमारतीबद्दल आपापलं ज्ञान पाजळतात. म्हणजे खेड्यातला मुलगा सत्तेच्या एकेका दारासमोरून अनवाणी चालत जातोय, आणि ते आपल्याला सांगितलेलं नाही, नुसतं चालवत नेलेलं आहे.

मग ईदगाह येते. वर चिंचेची सावली, खाली पक्की फरशी, तीवर जाजम. रांगांमागून रांगा. इथं धन किंवा हुद्दा बघून जागा मिळत नाही, आधी येईल तो पुढं, नंतर येईल तो मागं. एक सजदा, आणि लाखो डोकी एकाच वेळी खाली जातात. प्रेमचंदांनी हे मनापासून लिहिलंय. पण बारकाईनं पाहा, मागच्या रांगा जाजमाच्याही पलीकडं गेल्या आहेत. आणि आपली गावाकडची मंडळी मागच्या रांगेत उभी राहतात. कुणी त्यांना मागं ढकललेलं नाही. पण जो तीन कोस चालत येतो तो उशिराच पोचणार ना? हा अर्थ मी काढतोय, प्रेमचंदांनी तसं म्हटलेलं नाही. पण जाजम कुठं संपतं हे सांगायची त्यांना काय गरज होती?

नमाज संपते, गळाभेटी होतात, आणि रांग मोडते. रांग मोडली की लगेच समोर दुकानं. मघाशी खांद्याला खांदा लावून उभी असलेली तीच मुलं आता पंधरा पैसेवाला, बारा पैसेवाला आणि तीन पैसेवाला होतात. मध्ये जेमतेम काही पावलं. एका मैदानात दोन जगं शेजारी शेजारी ठेवली आहेत, आणि हामिद एकातून दुसऱ्यात चालत जातो. समतेबद्दल एकही भाषण न देता समतेचा काठ दाखवून दिलाय. हे काम जागेनं केलं, पात्रानं नाही.

आणि हामिदचं वय. तो बारा वर्षांचा असता तर ही समजूतदार मुलाची गोड कथा झाली असती. चार-पाच वर्षांचा आहे, म्हणून ती अंगावर येते. वडील पटकीनं गेले, आई त्यामागोमाग गेली, आणि त्याला वाटतंय की अब्बा पैसे कमवायला गेलेत. बाप परत येईल असं मानणारं पोर आजीच्या भाजलेल्या बोटांचा हिशेब ठेवतंय. म्हणूनच शेवटी अमीना आधी रागावते आणि मग रडते. ती आनंदानं रडते असं गाइडमध्ये लिहिलेलं असतं. मला तसं वाटत नाही. या पोराचं लहानपण संपलं, हे तिला चिमट्यात दिसलं. हामिदला त्यातलं काही कळत नाही, आणि त्यानं न कळून घेणं हाच कथेचा शेवट आहे.

एक गोष्ट जाता जाता. प्रेमचंद मुसलमान नव्हते. बनारसजवळच्या लमहीचे, सुरुवातीचं बरंच लेखन उर्दूत केलेले. ‘आपलं दुःख फक्त आपणच लिहू शकतो’ असं तुमच्यातले काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. आत राहणाऱ्याला बटवा कुठं ठेवलाय हे ठाऊक असतं, हा मोठा फायदा. पण तो बटवा उघडलाच नाही तर त्या फायद्याचा उपयोग काय?

मंटोकडं वळतो. ‘टोबा टेकसिंग’ तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. फाळणीनंतर दोन-तीन वर्षांनी दोन्ही सरकारं ठरवतात की वेड्यांचीही अदलाबदल करायची. लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळात बिशनसिंग नावाचा शीख आहे, पंधरा वर्षं तो आडवा झालेला नाही, उभाच. त्याला एकच माहिती हवी आहे : माझं गाव टोबा टेकसिंग कुठं आहे, हिंदुस्थानात की पाकिस्तानात? कुणालाच नीट सांगता येत नाही. मंटोनं काय केलं आहे ते लक्षात घ्या. गावाला आणि माणसाला एकच नाव करून टाकलं. लोक त्या माणसालाच टोबा टेकसिंग म्हणतात. म्हणून वाघ्याच्या सरहद्दीवर, ज्या पट्टीला कुठलाच देश नाही तिथं तो कोसळतो, तेव्हा माणूस पडला की गाव पडलं हे वेगळं करता येत नाही. पात्र आणि स्थळ हे दोन खण मानणाऱ्या गुरुजींनी या कथेला कुठल्या खणात घालावं?

मंटोची दुसरी कथा मात्र सावकाश सांगतो. ‘काली शलवार’. सुलताना ही देहविक्रय करणारी बाई अंबाल्याहून दिल्लीला येते. अंबाल्यात छावणीतल्या गोऱ्यांमुळं धंदा चालायचा, दिल्लीत चालत नाही. दागिने एकेक करून विकले जातात. मोहर्रम तोंडावर आलाय. कमीज आणि ओढणी रंगवून काळी करता येईल, पण काळी सलवार नाही. एवढंच तिचं दुःख. अश्लील म्हणून मंटोवर ज्या कथांसाठी खटले झाले त्यांत ही होती. मला आजवर कळलेलं नाही की ज्यांना यात अश्लीलता दिसली त्यांना मोहर्रमची काळी सलवार दिसली कशी नाही.

तिच्या खोलीच्या बाल्कनीतून रेल्वेचा मालधक्का दिसतो. रुळांचं जाळं, वाफ सोडणारी इंजिनं. इंजिन एखाद्या डब्याला धक्का देऊन सोडून देतं आणि तो डबा एकटाच रुळावरून चालत राहतो. सुलतानाला वाटतं, मलाही कुणीतरी असाच धक्का देऊन सोडलंय. दुसरे रूळ बदलतात, मी जातेय, कुठं जाऊन थांबेन ठाऊक नाही. आता विचार करा, हीच कथा मंटोनं एखाद्या ‘बदनाम गल्लीत’ घडवली असती, गजरे, तबला, पानाच्या पिचकाऱ्या टाकून, तर? आपल्याला दया आली असती आणि आपण विसरलो असतो. मालधक्का समोर ठेवल्यामुळं ती बाई बदनाम राहत नाही, ती वाहतुकीतला माल होते, आणि ते तिला स्वतःला कळलेलं असतं. बाल्कनीत उभं राहण्याशिवाय तिला काम नाही म्हणून ती बघते, आणि बघते म्हणून तिला हे सुचतं. उपमा लेखकाच्या डोक्यातून आलेली नाही, पात्राच्या रिकामपणातून आली आहे.

शेवट तर असा आहे की त्यात कुणीच कुणाला काही सांगत नाही. शंकर नावाचा माणूस तिचे कानातले बुंदे घेऊन जातो आणि मोहर्रमला काळी सलवार आणून देतो. ती घालून बसलेली असताना मैत्रीण मुख्तार येते. मुख्तार तिच्या सलवारीकडं बघते, आणि सुलताना मुख्तारच्या कानांकडं. दोघी विचारतात, कुठून आली? दोघी खोटं सांगतात. मग थोडा वेळ दोघीही गप्प. सणाचा दिवस, एक खोली, दोन बायका, दोन वस्तू. माझ्या मते उर्दू कथेत यापेक्षा चांगला शेवट फार थोड्यांना जमलाय.

हे सगळं उर्दू-हिंदीतलं झालं. मराठीत आपल्या अगदी हाताशी असलेलं उदाहरण अण्णा भाऊ साठ्यांचं, ‘स्मशानातील सोनं’. भीमा वारणेच्या खोऱ्यातला, अंगानं दांडगा. कामासाठी मुंबईत येतो, उपनगरात दगडाच्या खाणीत राबतो. खाण बंद पडते. एकदा त्याला राखेत सोनं सापडतं, आणि तो रात्री स्मशानं धुंडाळायला लागतो. एका रात्री ताज्या मढ्यावर कोल्ह्यांशी झुंज होते, आणि मढ्याच्या तोंडातलं सोनं काढताना त्याची बोटं जबड्यात अडकतात. बोटं जातात. आणि मग बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. डोंगर फोडणाऱ्या हाताला आता हातोडा धरता येत नाही, आणि तो धिप्पाड माणूस लहान पोरासारखा रडतो.

स्मशान ऐकलं की आपल्याला भुताखेताची गोष्ट वाटते. पण भीमाला स्मशानाची भीती वाटत नाही. त्याला उपाशी मुलीची भीती वाटते. या एका गोष्टीनं जागेचा अर्थ फिरतो. स्मशान हे त्याच्यासाठी कामाचं ठिकाण आहे, खाणीसारखंच, खोदायचं ठिकाण. आणि मुंबई कशी आहे, तर जिथं जिवंत माणसाला मजुरी मिळत नाही पण मेलेल्याच्या तोंडात सोनं असतं. अण्णा भाऊ हे वाक्य उच्चारत नाहीत. चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिलेल्या माणसाला ते उच्चारायची गरजही वाटली नसेल.

आता आपल्याकडं येतो.

आपल्या आडनावांकडंच बघा. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मणियार, शिकलगार, मोमीन, मुलाणी. प्रत्येक आडनावात एक धंदा आहे, आणि धंद्यात एक जागा आहे. बागवान म्हटलं की मार्केट यार्डातली पहाट आली, भाव कळायच्या आधीचा तो तास आला. पिंजारी म्हटलं की गादी भरायला लोकांच्या अंगणात जाणं आलं, म्हणजे दुसऱ्याच्या घराचं अंतरंग बघणं आलं. मुलाणी गावगाड्यातला. जत्रेत बोकड कापायला त्याच्याशिवाय चालत नाही. पाटलाच्या घरचं वशाट त्याच्या हातून, आणि तोच त्या घरात कुठवर जाऊ शकतो हा वेगळा प्रश्न. एका उंबऱ्यावर एक अख्खी कथा उभी आहे. तुम्ही यांतल्याच कुणाची तरी नातवंडं आहात. तरी तुमच्या कथेतले अब्बा बेकार का?

भाषेचंही तेच. तुमची पात्रं सिनेमातलं उर्दू बोलतात. ‘अम्मीजान, आप फ़िक्र न करें.’ अहो, सोलापुरात, बीडमध्ये कुठल्या घरात असं बोलतात? आपल्याकडं ‘मेरेकू नको’ म्हणतात. दखनीत ‘नको’ आहे, आणि हा एक शब्द शेकडो वर्षांची शेजारगिरी सांगतो. रत्नागिरीकडच्या घरात तर कोकणीच बोलली जाते. तिथला मुलगा आईशी कोकणीत बोलणार, मदरशात उर्दू वाचणार, शाळेत मराठी लिहिणार आणि आखातातल्या मामाशी फोनवर तिन्ही मिसळणार. तुम्ही त्याला एकच भाषा दिलीत तर त्याचं दोन तृतीयांश तोंड बंद केलंत. हमीद दलवाई आपल्याला चळवळीमुळं ठाऊक असतात. ते कथाकार होते हे आपण विसरतो. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, ‘लाट’ हा त्यांचा कथासंग्रह. कोकणातली माणसं आतून ठाऊक असलेला माणूस कसं लिहितो ते बघायला तो मिळवून वाचा. त्यांच्या विचारांशी तुमचं पटो न पटो.

मागं एका शिबिरात मालेगावची एक मुलगी आली होती. मोठ्या बहिणीचं लग्न ठरतं आणि बहिणीला ते नको आहे, अशी तिची कथा. चांगली होती, पण कुठल्याही घरात घडली असती अशी. मी तिला विचारलं, तुमच्या घराशेजारी माग आहेत का? म्हणाली, खालीच आहेत. मग आवाज कुठं गेला? ती हसली. म्हणाली, सर, तो आम्हाला ऐकूच येत नाही, जन्मापासून आहे. मी म्हटलं, त्या आवाजात तुम्ही घरात बोलता कसे? मोठ्यानं, ती म्हणाली. आणि गुपित बोलायचं असेल तर? तेही मोठ्यानं, मागांमुळं कुणाला ऐकू जात नाही. मग क्षणभर थांबून म्हणाली, फक्त शुक्रवारी जपून बोलावं लागतं. शुक्रवारी माग बंद असतात ना.

तिनं कथा पुन्हा लिहिली. आठवडाभर मागांच्या खटखटाटात दोघी बहिणी ओरडून ओरडून मनातलं बोलतात, आणि घरच्यांना काही ऐकू येत नाही. शुक्रवारी माग थांबतात. जुम्म्याची नमाज पढून बाप घरी येतो, घर शांत, आणि मोठी बहीण सवयीनं त्याच मोठ्या आवाजात बोलून जाते. बस. आधीच्या मसुद्यात बहिणीनं बापासमोर स्वातंत्र्यावर दीड पान भाषण केलं होतं. आता ती एकच वाक्य बोलते, तेही चुकून. मालेगाव आता तिच्या कथेतून काढता येत नाही. काढलं तर कथाच उरत नाही.

शेवटी भाड्याच्या घराच्या कथा. तुमच्यापैकी काही जणांनी हा विषय घेतला आहे, आणि तो का घेतलात हे मला विचारायची गरज नाही. नाव ऐकून खोली नाकारली जाणं इथल्या कित्येकांनी अनुभवलंय. पण तुमच्या कथांमध्ये नायक फक्त मुसलमान आहे आणि मालक फक्त हिंदू. दुसऱ्या ओळीत शेवट कळतो. वाचक मान डोलावतो किंवा नाक मुरडतो, आणि दोन्ही प्रकारचे वाचक कथा वाचायच्या आधी जसे होते तसेच उठतात.

तीच घटना घ्या आणि पात्राला काम द्या. समजा ती नर्स आहे. रात्रपाळी असते, म्हणून इस्पितळापासून चालत जाता येईल अशी खोली हवी. आता अंतराला किंमत आली. रात्री दोन वाजता रिक्षा नाही, हे नुसतं वातावरण राहिलं नाही. इस्पितळात तिला सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. एजंट फोनवर मालकिणीला सांगतो, सिस्टर आहेत, एकट्या, शांत. मालकीण खूश. एजंट तिला बाजूला घेऊन म्हणतो, नाव आपण नंतर सांगू. आणि हा एजंट स्वतः शेख आहे, या भागात पंधरा वर्षं याच ‘नंतर’वर त्याचा धंदा चाललाय. मालकीण खोली दाखवते. खिडकीतून इस्पितळाची इमारत दिसते. ती बोट दाखवून सांगते, त्या तिसऱ्या मजल्यावर आमचे हे गेले, शेवटचे आठ दिवस तिथल्या एका सिस्टरनं फार केलं हो त्यांचं. आणि आपल्या पात्राला ते पेशंट आठवतात.

ती बोलेल का? मला ठाऊक नाही. बोलली तर खोली मिळेल कदाचित, पण मग ती उपकाराच्या बदल्यात मिळालेली खोली होईल, हक्काची नाही. आणि रोज सकाळी पाळी संपवून जिना चढताना तिला ते आठवेल. नाही बोलली तर नाव विचारलं जाईपर्यंतची ती दोन मिनिटं आहेत, खिडकीशी उभं राहून. मालकीण वाईट बाई नाही. एजंट लुच्चा आहे, पण पोट आहे. अन्याय तर झालाच आहे, उलट आता तो जास्त झालाय, कारण आता तो एका विशिष्ट बाईवर, एका विशिष्ट खिडकीजवळ झालाय. वाचकाला बाजू घेऊन मोकळं होता येत नाही. त्याला त्या खोलीत थांबावं लागतं.

कुणी म्हणेल, सर, आत्ता काळ असा आहे की आपली बाजू ठणकावून मांडली पाहिजे, मालकिणीला चांगली दाखवायची ही वेळ आहे का? प्रश्न रास्त आहे. बाजू मांडायला लेख आहे, मोर्चा आहे, कोर्ट आहे, निवेदन आहे. ते सगळं करा, मीही तुमच्याबरोबर येतो. पण निवेदनात नर्सचं नाव असतं, तिची खिडकी नसते. ती फक्त कथेतच मावते.

आता चहा आहे. चहानंतर प्रत्येकानं एक पान लिहायचं. विषय देत नाही, काही अटी देतो. तुमच्या घरातलं किंवा गल्लीतलं एक माणूस घ्या. त्याच्या खिशात आत्ता किती पैसे आहेत ते आधी लिहा. मग तो ज्या जागी उभा आहे तिथला एक आवाज लिहा, जो तुम्हाला सवयीनं ऐकू येईनासा झाला आहे. त्याला एक गोष्ट मागायची आहे, आणि त्या जागी ती मागता येत नाही. अजान, अत्तर, बिर्याणी आजच्या दिवस बंद. ज्यांच्या अब्बांचं खरंच अत्तराचं दुकान आहे त्यांना सूट, पण त्यांनी कुपीचा भाव लिहायचा.